शास्त्रीय चार गोष्टी : चाकांतील हवा

मोटारीचा भार जमिनीवर किती जागेंत पडतो, याचा विचार मोटारींत बसणारे लोक फारसा करीत नाहींत. हिशेब अवघड नाहीं. माणसांसह बाराशें किलो वजनाची मोटार घेतली आणि तिचा भार चारी चाकांवर सारखा वांटला, तर एका चाकाच्या वाट्यास तीनशें किलो येतात. चाकांत तीस पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस इंचास तीस पौंड, अर्थात् दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.१ किलो दाब आहे असें धरलें, तर तीनशें किलो तोलण्यास सुमारें १४३ चौरस सेंटिमीटर जागा लागते. टायरच्या रबराचा व आंतील तारांचा ताठपणा कांहीं भार स्वतः उचलतो, त्यामुळें हा आंकडा ढोबळच समजावा. परंतु अंदाज खोटा नाहीं. डाकघरांतील साधें पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ रुंद असतें. त्याहून किंचित् मोठे असे चार तुकडे, एवढाच काय तो मोटारीचा व पृथ्वीचा संबंध. थांबणें, वळणें, पावसांत तग धरणें, जें कांहीं व्हावयाचें तें या चार तुकड्यांवर. आणि त्यांचा आकार ठरविणारी वस्तु कोणती, तर डोळ्यांस न दिसणारी हवा.

बैलगाडीच्या चाकास ही विवंचना नव्हती. लोहार लोखंडी धांव तापवून चाकावर चढवी, वर पाणी ओती, आणि ती आंवळून बसली कीं वर्षानुवर्षें तिच्याकडे पाहण्याचें कारण पडत नसे. संस्कृतांत चाकाच्या अवयवांस नाभि, अर, नेमि अशीं सुंदर नांवें आहेत. त्यांत हवेस कोठेंच स्थान नाहीं. हवेचें चाक ही स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याची कल्पना. त्यानें १८४५ मध्यें तिचें पेटंट घेतलें, पण ती मागें पडली. पुढें बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ मध्यें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां तीच युक्ति नव्यानें काढली, आणि तेव्हांपासून वाहनाचा प्राण म्हणजे वायु हें शब्दशः खरें झालें.

हा विषय आज घेण्याचें निमित्त एका वाचकांचें पत्र. त्यांच्या एकत्र कुटुंबांत धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं नुकतीच एक शर्यतीच्या धाटणीची, दोनच दारांची, जमिनीलगत बसणारी मोटार घेतली आहे. हिलाच स्पोर्ट्‌स कार म्हणतात. मोठे काका म्हणतात, चारी चाकांत हवा सारखीच असली पाहिजे, एक पाय लंगडा ठेवून कोणी चालतें काय? पुतण्या म्हणतो, पुढें व मागें निराळीच पाहिजे, आणि वळणावर पकड यावी म्हणून सांगितल्याहून थोडी कमीच बरी. काकांनीं निवाडा आमच्याकडे पाठविला आहे. पुतण्याचें पहिलें विधान बरोबर आहे, दुसरें धोक्याचें आहे. आणि काकांची उपमा जुन्या मोटारींस देखील लागू पडत नाहीं.

वळणावर टायरचें काय होतें तें आधीं पाहूं. चालक स्टिअरिंग फिरवितो तेव्हां चाकाचें तोंड नव्या दिशेस वळतें. पण जमिनीस चिकटलेला रबराचा तुकडा तत्क्षणीं तिकडे जात नाहीं. तो पिळला जातो, ताणला जातो, आणि चाक जिकडे पाहत असतें त्याहून किंचित् बाहेरच्या अंगानें मोटार पुढें सरकते. या दोन दिशांमधील कोनास इंग्रजींत स्लिप अँगल म्हणतात. आपण त्यास विचलनकोन म्हणूं. हा कोन म्हणजे घसरणें नव्हे. तो असल्यावांचून टायर वळण्याचा जोर देऊंच शकत नाहीं. हवा कमी असली म्हणजे टायरच्या भिंती लेच्यापेच्या होतात आणि तेंच वळण घेण्यास विचलनकोन मोठा लागतो. हवा योग्य असली म्हणजे तो लहान राहतो व मोटार हाताच्या हुकमांत चालते.

आतां पुढच्या चाकांचा कोन मागच्यांहून मोठा झाला तर मोटार वळण्यास कुचराई करते, तिचें नाक बाहेर जाऊं लागतें. यास अंडरस्टीअर म्हणतात. उलट मागच्या चाकांचा कोन मोठा झाला तर शेपूट बाहेर फेंकलें जातें, तें ओव्हरस्टीअर. दोन्ही दोषच, पण सारखे नव्हेत. पहिल्यांत चालक घाबरला व त्यानें अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर भार पुढें सरकतो, पुढच्या चाकांस पकड मिळते आणि मोटार बहुधा वाटेवर येते. दुसऱ्यांत तीच कृति घात करते. मागील चाकें अधिकच हलकीं होतात व शेपूट गरकन् फिरतें. आणि घाबरलेला मनुष्य पाय उचलतोच! म्हणून रोजच्या वापराच्या मोटारी जाणूनबुजून पहिल्या प्रकाराकडे झुकत्या बनविलेल्या असतात.

हवेच्या थोड्याशा पौंडांवर हें सारें कसें लोंबकळत असतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील आहे व तें सविस्तर सांगण्याजोगें आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले शाखेनें १९५९ च्या शरदांत कॉर्व्हेअर नांवाची मोटार बाजारांत आणली. त्या काळच्या अमेरिकन मोटारी म्हणजे पुढें अवजड इंजिन, लांबलचक अंग व भरपूर चकचकाट. कॉर्व्हेअर त्यांत अगदीं वेगळी. तिचें सहा नळकांड्यांचें, अ‍ॅल्युमिनमचें, हवेनें थंड राहणारें इंजिन मागच्या आंसापलीकडे बसविलेलें. लवकरच तिची मॉन्झा नांवाची खेळाडू आवृत्ति निघाली व तरुण मंडळींच्या ती फार मनास आली. परंतु इंजिन मागें म्हणजे भारही मागें, साठ टक्क्यांहून अधिक. शिवाय १९६० ते १९६३ च्या मोटारींत मागील दोन्ही चाकांचे आंस आंतल्या टोकाशींच सांध्यानें जोडलेले होते, त्यामुळें चाक वरखालीं झालें कीं त्याचा कलही बदले. आणि जोराच्या वळणावर बाहेरच्या बाजूचें चाक पोटाखालीं दुमडण्याचा संभव राही. जर्मनीच्या फोक्सवॅगन व पोर्शे मोटारींतही त्या काळीं अशीच रचना होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

हा मागचा जडपणा आंवरावा कसा? वळणांत मोटारीचें कलणें पुढल्या बाजूस आंवरून धरणारा एक पोलादी दांडा बसविण्याचा उपाय होता. तो प्रथम सर्व मोटारींस दिला गेला नाहीं. १९६४ च्या मोटारींपासून दिला गेला. आरंभींच्या मोटारींत बरीचशी भिस्त ठेवली गेली ती हवेवर. पुस्तिकेंत सांगितलें कीं पुढच्या चाकांत १५ पौंड व मागच्यांत २६ पौंड हवा भरावी. वाचकांनीं मागील विवेचन ध्यानांत ठेविलें असेल तर यांतील युक्ति त्यांस तात्काळ कळेल. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवावयाचे, म्हणजे त्यांचा विचलनकोन वाढून पुढचा व मागचा यांचें जमेल आणि शेपूट आवरेल. युक्ति शास्त्रशुद्ध आहे. पण अकरा पौंडांचें हें अंतर राखणार कोण? पेट्रोल पंपावरील मुलगा. त्याला शेंकडों मोटारींत चारी चाकांस सारखी हवा भरण्याची संवय. पुढें पंधरा पौंड पाहून त्यास हवा गेलेली वाटावी आणि त्यानें उपकारबुद्धीनें चोवीस भरून द्यावी, हें सर्वस्वीं स्वाभाविक होतें. तसें झालें कीं पुढचे टायर ताठ झाले, तोल मागें गेला, आणि मालकाच्या न कळत मोटारीचा स्वभाव पालटला. सरळ रस्त्यावर त्यास कांहींच जाणवूं नये. ओल्या वळणावर मात्र जाणवावें, आणि तेंही एकदांच.

राल्फ नेडर या एकतीस वर्षांच्या वकिलानें १९६५ मध्यें 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हें पुस्तक लिहिलें, त्याचें पहिलें प्रकरण याच मोटारीवर आहे. कंपनीनें उत्तर देण्याऐवजीं नेडर यांच्या खाजगी आयुष्यामागें गुप्त हेर लाविले. तें उघडकीस आलें आणि मार्च १९६६ मध्यें कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांस अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मोटारींच्या सुरक्षिततेचा पहिला मोठा केंद्रीय कायदा तेथें झाला. नेडर यांनीं कंपनीवर लाविलेला दावा १९७० मध्यें सवाचार लक्ष डॉलरांवर मिटला. कॉर्व्हेअरची मागची रचना १९६५ च्या मोटारींत समूळ सुधारली होती, तरी विक्री ढांसळतच गेली व १९६९ च्या मे महिन्यांत ती मोटार बंद पडली.

गोष्टीचा उत्तरार्ध मात्र पुष्कळांस ठाऊक नसतो. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्यानें स्वतंत्र चौकशी करून १९७२ मध्यें असा निष्कर्ष दिला कीं, १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर तिच्या काळच्या इतर तत्सम मोटारींहून ताबा सुटण्याच्या वा उलटण्याच्या बाबतींत अधिक वाईट नव्हती. म्हणून नेडर खोटे ठरले असें कांहीं लोक म्हणतात. आमचें मत निराळें आहे. ती मोटार इतरांहून वाईट होती कीं नव्हती, हा एक प्रश्न. आणि आपोआप गळणाऱ्या हवेच्या भरंवशावर, कोणी न वाचणाऱ्या पुस्तिकेंतील एका ओळीवर, एखाद्या कुटुंबाची सुरक्षितता टांगून ठेवावी कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरानें दुसरा सुटत नाहीं. चाळीस वर्षें मुलांस टीपा वाचावयास सांगून आम्हांस एवढें कळलें आहे कीं टीप वाचणारा शेंकड्यांत एखादा.

तरी, इंजिन मागें असणें हें पाप नव्हे. पोर्शे ९११ या मोटारीचें इंजिन आजही मागेंच असतें. तिच्या चाकांची रचना फार पुढें गेलेली आहे, मागील टायर पुढच्यांहून रुंद असतात, आणि तरीदेखील पुढच्या व मागच्या चाकांस हवेचे आंकडे वेगळे दिलेले असतात. काकांनीं हें पाहून आपला हट्ट सोडावा.

पुतण्याच्या दुसऱ्या विधानाचें मूळ शर्यतीच्या मैदानांत आहे. तेथें चालक थंड टायरमध्यें हवा कमी ठेवून निघतात, हें खरें. कारण मैदानावर दोनचार फेऱ्यांत टायर इतका तापतो कीं आंतील दाब कित्येक पौंडांनीं चढतो, आणि चढल्यावर तो हव्या त्या आंकड्यावर यावा अशी बेतानें सुरुवात केलेली असते. म्हणजे त्यांस कमी हवा नको असते. तापल्यानंतर योग्य असलेली हवा हवी असते. घरून कचेरीस जाणाऱ्या मोटारीचे टायर तसे तापत नाहींत, म्हणून कमी भरलेली हवा शेवटपर्यंत कमीच राहते. आणि कसलेल्या मंडळींसही हा मोह बाधतो. ३० जून २०१३ रोजीं इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथील ग्रां प्रीच्या शर्यतींत लुइस हॅमिल्टन, फेलिपे मासा यांच्यासह चार चालकांचे डाव्या बाजूचे मागील टायर भर वेगांत फाटले. टायर बनविणाऱ्या पिरेली कंपनीनें जीं कारणें दिलीं त्यांत उजवेडावे टायर अदलाबदल करून लावणें, चाकांचा अतिरिक्त कल, मैदानाच्या कडा आणि प्रमाणापेक्षां कमी हवा हीं होतीं. जगांतील निवडक यंत्रज्ञ ज्यांच्या पदरीं आहेत त्यांची ही गत. मग मित्रांच्या सल्ल्यानें हवा सोडणाऱ्याची काय असावी?

कमी हवेचा खरा शत्रु उष्णता आहे. मऊ टायर प्रत्येक फेऱ्यास चेपतो व फुगतो, त्या चेपण्याफुगण्यांत तो आंतून तापतो, आणि फार तापला म्हणजे रबर व आंतील पोलादी तारांचे पट्टे यांचा जोड सुटूं लागतो. फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर नांवाच्या उंच मोटारीची गोष्ट यामुळेंच गाजली. ती स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. उंच मोटार उलटूं नये म्हणून तिच्या टायरांत २६ पौंडच हवा सांगितली होती. टायर फायरस्टोनचे. दक्षिणेकडील उष्ण राज्यांत, भर वेगांत, या टायरांचे वरचे थर सुटून मोटारी उलटूं लागल्या. ऑगस्ट २००० मध्यें फायरस्टोननें पासष्ट लक्ष टायर परत मागविले. मृतांची संख्या अडीचशेंच्या वर गेली. फोर्ड म्हणे टायर सदोष, फायरस्टोन म्हणे हवा कमी व मोटार उलटी. जवळजवळ शंभर वर्षांचा दोन घराण्यांचा व्यापारी स्नेह २००१ मध्यें तुटला. सरकारी चौकशींत टायरांचे दोष सिद्ध झाले. परंतु सव्वीस पौंड म्हणजे चुकीस मुळींच जागा न ठेवणारा आंकडा होता, हेंही तितकेंच खरें. त्यांतून दोनचार पौंड गळले कीं टायर भट्टी व्हावयास लागे. आपल्याकडे ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला आहे. विदर्भांतील वैशाखाचें ऊन, तापलेला काँक्रीट रस्ता आणि तासन्‌तास एकसारखा वेग, हीं तिन्ही तेथें एकत्र भेटतात. निघण्यापूर्वीं हवा पाहिल्याशिवाय त्या मार्गास लागूं नये.

अमेरिकेंत या प्रकरणानंतर कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या लहान मोटारींत हवा उतरल्याची सूचना देणारा दिवा आला. आपल्याकडेही बऱ्याच नव्या मोटारींत तो असतो. परंतु त्या अमेरिकन नियमाप्रमाणें दिवा लागणें बंधनकारक आहे तें हवा २५ टक्के उतरल्यावर. बत्तीसचे चोवीस होईपर्यंत तो मुकाट राहिला तरी नियमानें त्यास दोष नाहीं. आणि वळणावरचा स्वभाव बिघडावयास एवढी घट लागत नाहीं.

ऋतूचा हिशेबही पाहावा, कारण तो शाळेंतील गणितानें सुटतो. बंद टायरमधील हवेचा दाब तिच्या निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणांत असतो. चाळीस अंश उष्णतेंत ३२ पौंड हवा भरली. मापकाच्या आंकड्यांत वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळविला म्हणजे ४६.७. पौषांतील पहाटे उष्णतामान दहा अंशांवर आलें तर ३१३ चे २८३ झाले. त्या प्रमाणानें दाब ४२.२, आणि १४.७ वजा जातां मापकावर साडेसत्तावीस. कोठेंही पंक्चर नसतां साडेचार पौंड गेले! शिवाय रबरांतून महिन्यास पौंडभर हवा आपली वाट काढतेच. नायट्रोजन भरल्यानें हें चुकतें असें पंपावर सांगतात. हवेंत ७८ टक्के नायट्रोजन मुळांतच असतो, आणि वरील गणित दोन्ही वायूंस सारखेंच लागू पडतें. नायट्रोजन कोरडा असतो व किंचित् सावकाश गळतो, एवढाच त्याचा गुण. त्यासाठीं पैसे मोजावे कीं नाहीं हें ज्यानें त्यानें ठरवावें.

पावसाळ्याविषयीं एक आंकडा देतों. नासा संस्थेच्या संशोधकांनीं विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ मध्यें असें सूत्र मांडलें कीं, ज्या वेगास चाक पाण्यावर तरंगूं लागतें तो, ताशीं मैलांत, हवेच्या पौंडांच्या वर्गमूळाच्या १०.३५ पट असतो. ३६ पौंडांस तो वेग ६२ मैल, म्हणजे १०० किलोमीटर येतो. २५ पौंडांस ८३ किलोमीटर. मोटारीच्या टायरवरील खांचा व त्याची रुंदी यांनीं यांत फरक पडतो, आणि रुंद टायर, जे स्पोर्ट्‌स कारला हौसेनें लावतात, ते पाण्यांत उलट अधिक लवकर तरंगतात. फाजील हवाही वाईटच: टायर मध्यभागीं फुगतो, जमिनीशीं स्पर्श आंखडतो, मधला भाग झिजतो आणि खड्ड्यावर चाक उडूं लागतें. कमी हवेनें दोन्ही कडा झिजतात. टायरकडे नुसतें पाहूनही त्याच्या मालकाची संवय ओळखतां येते ती अशी.

हवा टायर थंड असतां, म्हणजे मोटार तीनचार तास उभी राहिल्यावर, सकाळींच पाहावी. प्रवासांत तापलेल्या टायरमधून आंकडा जास्त दिसला म्हणून सोडूं नये. भरावयाचा आंकडा टायरच्या अंगावरचा नव्हे, तो त्या टायरची कमाल मर्यादा असते. खरा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पत्रकावर असतो. तेथें पुष्कळदां दोन रकाने असतात, एक दोघांचा व एक भरलेल्या मोटारीचा. सणासुदीला घरांतील पांच माणसें व सामान घेऊन निघतांना दुसरा रकाना पाहावा आणि परतल्यावर पहिल्यावर यावें. टायरच्या भिंतीवर चार आंकडे एकत्र असतात, जसें २३२१. ते त्याची जन्मपत्रिका होय: २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

राहतां राहिली स्टेपनी. वेल्समधील लानेली गांवीं स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनीं १९०४ मध्यें जादा चाक विकण्यास आरंभ केला, त्या रस्त्याचें नांव आपल्या भाषेंत येऊन बसलें आहे. तिचीही हवा आपोआप उतरते. आणि नव्या मोटारींत जी बारीक, तात्पुरती स्टेपनी देतात, तींत बहुधा साठ पौंड भरावयाची असते. पंपावरील मुलानें बत्तीस भरून दिली असेल तर त्यास पुनः बोलवावें.